दवाखान्यातला तिसरा नियम

पडेगाव,
छत्रपती संभाजीनगर.
बुधवार, दि. १२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. करुणा हिस,

दादाचा आशीर्वाद. पाकिटावरचे अक्षर ओळखून तू ते न फोडताच बाजूला ठेवशील अशी धास्ती होती. फोडलेस, बरे केलेस. सोमनाथरावांच्या गुडघ्याला थंडीत शेक देत जा. फोन का केला नाही, असे विचारशील. फोनवर आपल्या दोघांपैकी एकाने तो मध्येच ठेवला असता. पत्रात निदान माझे वाक्य पूर्ण होते.

आता वार्ता ऐक. आज सकाळी आमच्या दवाखान्यात माझी पाटी लागली! माझी म्हणजे मी लिहिलेली. अजून हात शिवशिवत आहेत म्हणून जेवण झाकून ठेवून आधी तुला लिहायला बसलो आहे.

डॉक्टर अभय यांच्याकडे मी रक्तदाब मोजायला जातो. वयाने लहान, स्वभावाने मोठा माणूस. त्यांच्या भिंतीवर रुग्णांसाठी एक सूचना होती. तिच्यातले प्रत्यय शब्दांपासून असे दूर ठेवले होते, की जणू त्यांना संसर्ग झाला होता. मी तीन वेळा तक्रार केली. शेवटी ते हसून म्हणाले, "काका, मग तुम्हीच लिहून द्या." जिल्हा न्यायालयात भाषांतरकार म्हणून जन्म घालवलेल्या माणसाला असे म्हणायचे असते का? मी शब्द सुधारायला बसलो आणि आशयच पटेना. 'रुग्णाची माहिती नातेवाइकास मिळेल' असे तिथे लिहिले होते. रुग्णाला कधी मिळेल, याविषयी अवाक्षर नाही!

म्हणून नियमच नव्याने मांडले, डॉक्टरांशी वाद घालून, त्यांचे दोन मुद्दे मान्य करून. पहिला: रुग्णाचे निदान प्रथम रुग्णाला सांगण्यात येईल. दुसरा: आपले कागद पाहण्याचा व त्यांच्या प्रती घेण्याचा त्याला अधिकार राहील. तिसरा: रुग्ण ज्या एका व्यक्तीचे नाव देईल तिलाच त्याची माहिती मिळेल, नाते कोणतेही असो, इतर कोणालाही नाही.

पाटी ठोकताच बाकावरची सगळी मंडळी उठून उभी राहिली. आवडाबाईंना वाचता येत नाही. मी वाचून दाखवले, तर म्हणाल्या, "लई ब्येस केलं बगा मास्तर." मी मास्तर नव्हतो, हे त्यांना दहादा सांगून झाले आहे. "आधीच्या दवाखान्यात मला म्हणायचे, आजी, जरा भायेर बसा, अन् पोराला आत घ्यायचे. दुखतंय माझं अन् सांगतेत त्याला! अन् ते पोरगं असं भित्रं, की घरी आल्यावर त्यालाच पानी पाजावं लागायचं."

त्यांनी शेजारणीचे नाव दिले. मुलाचे नाही.

खरी मौज पुढेच आहे. फुलंब्रीहून कडुबा नावाचे गृहस्थ पत्नीला घेऊन आले होते. ते थेट खिडकीशी गेले आणि तिथे बसून आठवडाभर सगळ्यांकडून नावे लिहून घेणाऱ्या मोनिकाला म्हणाले, "आमच्या मंडळीचा रिपोर्ट द्या."

"सरिताताईंनी तुमचं नाव दिलेलं नाही, भाऊ."

"मग कुणाचं दिलं?"

"ते पण सांगता येत नाही."

मागून त्यांची पत्नीच म्हणाली, "बहिणीचं दिलंय. तुमाला सांगितलं की बसस्टँडपर्यंत जातंय."

सगळा दवाखाना हसला. कडुबा मात्र माझ्याकडे वळले. "काका, हे तुमचंच काम व्हय? नवराबायकूत काय लपवायचं असतंय?"

मी उभा राहिलो. साक्ष द्यावी तसा. म्हणालो, "महाशय, ती माहिती त्यांची आहे. त्यांनी ती जिच्याजवळ ठेवायला दिली आहे, तिलासुद्धा ती वाटण्याचा अधिकार नाही." बाकावरून टाळी पडली. आणि मी खाली बसलो, करुणा.

तुझ्या वहिनीच्या तेराव्याला मी कडुबांचेच वाक्य तुला ऐकवले होते. तिचा आजार सात महिने तुला ठाऊक होता, मला नव्हता. ती घेरी येऊन पडली तेव्हा मोठ्या रुग्णालयात एका परक्या डॉक्टराने मला सांगितले. मी सर्वांसमोर तुला विचारले, की तू माझ्यापासून हे का चोरलेस? तू म्हणालीस, "दादा, वहिनीनं ते मला सांभाळायला दिलं होतं. माझं नव्हतंच ते, मग तुला कसं देऊ?" मला ते उत्तर उद्धट वाटले. तेव्हापासून मी तुझ्या दारी आलो नाही. आज तेच उत्तर मी टाळ्या घेऊन दिले.

ते सात महिने ती माझ्याशी नेहमीसारखी भांडली. मला कळले असते, तर मी तिला एकदाही भांडू दिले नसते. तिला ते नको असावे. तुला तिने सांगितलेच असेल. मला सांगू नकोस. ते अजूनही तुझ्याजवळच राहू दे.

आता माझ्याविषयी. माझ्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे आणि ती बदलावी लागणार आहे. पुढच्या महिन्यात, इथेच शहरात. घाबरू नकोस. मी घाबरलो नाही असे नाही. परंतु डॉक्टरांनी मला समोर बसवून, चित्र काढून, सरळ मराठीत सांगितले. धोका किती, तेही सांगितले. त्या दिवशी मी रिक्षा न करता चालत घरी आलो. माझे दुखणे कोणीतरी माझ्या स्वाधीन केले होते!

जाताना मोनिकाने पुन्हा विचारले, "काका, अख्ख्या पडेगावनं नावं दिली. तुमचं कुणाचं?" मूलबाळ नसलेल्या माणसाला हा प्रश्न नीट ऐकूही येत नाही. आठवडाभर मी चष्मा पुसत तो टाळला होता. आज मात्र उत्तर दिले.

तू दवाखान्यात येऊन बसावेस, असे म्हणत नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी मला काही कळत नसेल, तेव्हा माझे सारे तुला कळावे. त्यातले काय कोणाला सांगायचे आणि काय नाही, हे तुला जमते. माझ्या माहितीत दुसऱ्या कोणाला ते जमलेले नाही.

नाव देण्यापूर्वी त्या व्यक्तीची संमती घ्यावी, अशी पुस्ती तिसऱ्या नियमाला मीच जोडली आहे. तुझा नकार आला, तर मी तो मान्य करीन आणि कारणही विचारणार नाही.

स्वतःचाच नियम मोडून तुला विचारण्याआधी तुझे नाव सांगून आलेला,
तुझा दादा,
बद्रीनाथ