चार नंबरचा डबा

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तू तोंड फुगवून बसली असशील, पण आधी बातमी ऐक आणि मग फुगव. यंदाची स्वच्छ गाडीची ढाल आपल्या गाडीला मिळाली! आपल्या म्हणजे माझ्याच म्हण, कारण यार्डात ती धुवून घ्यायची, टाक्या भरायच्या आणि वेळेत फलाटावर लावायची, ही सगळी जबाबदारी तुझ्या या धाकट्याची. लहानपणी अंघोळ म्हटली की पळून जाणारा मुलगा आता अख्ख्या गाडीला अंघोळ घालतो, असं तू म्हणणारच, म्हणून मीच म्हणून टाकतो.

बावीस तारखेला यार्डाच्या सभागृहात कार्यक्रम आहे. मोठे साहेब येणार, भाषणं होणार आणि शेवटी ढाल माझ्या हातात देणार. आईने यायलाच हवं. तुला औषधांच्या दुकानातून सुट्टी मिळणार नाही हे ठाऊक आहे, तुमची मोजदाद नेमकी अशाच वेळी निघते. पण आईला एकवीस तारखेच्या गाडीत बसवून दे. सकाळी बसली की संध्याकाळी मी उतरवून घेतो.

तिकीट मात्र नेहमीसारखं चार नंबरच्याच डब्याचं काढ. तो इथे बरोबर जिन्यासमोर थांबतो, आईला चालावं लागत नाही. चारमध्ये जागा नसेल तर दिवस बदल, डबा बदलू नकोस.

हिचा तुम्हा दोघींना नमस्कार. लोभ आहेच, ढालीमुळे त्यात थोडी भर पडावी.

तुझा
धाकटा


९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यापासून आईचे पाय जमिनीवर नाहीत. गल्लीत सांगून झालं, दूधवाल्याला थांबवून सांगितलं, माझ्या दुकानात येऊन खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही सांगितलं. तो बिचारा खोकत खोकत अभिनंदन करून गेला.

तिला एवढं का वाटतं ते तुला सांगायला नको. पूर्वी प्रवास म्हटला की आदल्या संध्याकाळपासून तिचं पाणी बंद व्हायचं. घसा कोरडा पडला तरी चालेल, पण गाडीतल्या संडासाचं दार उघडायची वेळ येऊ नये. तू यार्डात लागल्यापासून मात्र बाईसाहेब गाडीत ऐटीत चहा पितात. परत आल्या की नळाला पाणी कसं होतं, कडी कशी नीट लागत होती, हे एखाद्या लग्नाचं वर्णन करावं तसं सांगतात.

आता खरी बातमी. शेजारच्या शिवणमावशीही येणार आहेत! तुझा शाळेचा पहिला गणवेश ज्यांनी शिवला आणि दर वर्षी उसवलेले खिसे फुकट शिवून दिले, त्या मावशी. गाडीच्या संडासात घसरून पडल्या होत्या तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता. मुलीकडेसुद्धा दोन बस बदलून जातात. पण आईने त्यांना शब्द दिला, माझ्या लेकाच्या गाडीत तसलं काही नाही, पाणी पिऊन खुशाल बस, काही झालं तर मी जबाबदार. तुझ्यासाठी त्या सदरा शिवतायत, तोही मापाशिवाय. म्हणतात, त्या पोराचे खांदे मला पाठ आहेत.

चारमध्ये एकच जागा उरली होती, ती आईला घेतली. मावशींना अकरा नंबरचा डबा मिळाला. आई म्हणाली, काय बिघडलं, गाडी सगळी माझ्या लेकाचीच आहे.

वहिनीला आशीर्वाद. ढाल मिळाली तरी पत्रं लिहीत जा, म्हणजे आमचा लोभ टिकेल.

ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय. मावशींना या खेपेला आणू नका. सभागृह लहान आहे, पास घरच्या माणसांपुरतेच मिळतात. शिवाय त्यांचं वय झालं, दिवसभराचा प्रवास झेपणार नाही. त्यांना वाईट वाटणार नाही अशा बेताने सांग, तुला ते जमतं.

आणि आल्याच, तर चारच्या डब्यात आईच्या जागेवर दोघींनी सरकून बसावं. तिकीट तपासनीस ओळखीचा आहे, त्याला मी सांगून ठेवतो. अकरात मात्र बसू देऊ नकोस. का ते भेटलो की सांगेन.

बाकी सगळं ठीक. आठवण ठेवून लोभ करावा.

धाकटा


१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ताकाला जाऊन भांडं का लपवतोस? पासाचं मी मावशींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मी बाहेर बाकावर बसेन, टाळ्यांचा आवाज आला तरी पुरे. सदऱ्याला बटणंसुद्धा लावून झाली. यापुढे मी काय बोलणार?

आईला तुझं पत्र फार लागलं. मोठा झाला तसा त्याला शेजार नकोसा झाला, असं म्हणाली. सरकून बसायचंही तिला पटलं नाही. मुलगा रेल्वेत आणि आई दुसऱ्या डब्याचं तिकीट असलेल्या बाईला आपल्या डब्यात घुसवते, हे शोभत नाही म्हणाली. दोघी एकवीसला निघतायत.

खरं काही कारण असेल तर उलट टपाली लिही. अजून वेळ आहे. मी वाट बघते.

ताई


२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं होतं, तयारीच्या गडबडीत उत्तर राहून गेलं. कार्यक्रम छान झाला. साहेबांनी पाठीवर थाप मारली आणि इतर गाड्यांनी आमच्या गाडीकडे बघून शिकावं असं म्हणाले. ढाल आता कचेरीत, खिडकीजवळच्या कपाटावर ठेवली आहे.

आई पहिल्या रांगेत बसली होती, पण तिचं लक्ष नव्हतं. घरी जेवलीही जेमतेम. मी ढाल तिच्या हातात दिली, तर क्षणभर धरून हिच्या हातात देऊन टाकली. परतीचं तिकीट चारचं काढलेलं असताना बसनेच जाईन म्हणून हटून बसली. प्रवासाने दमली असेल. मावशी तर स्टेशनवरूनच बसने परत गेल्या. पोट बिघडलं म्हणे. मी जिन्यापाशी आईची पिशवी घेऊन उभा होतो, मला भेटल्यासुद्धा नाहीत.

सदरा आईने दिला. कॉलरपासून बाह्यांपर्यंत कुठे बोटभर कमी-जास्त नाही. कार्यक्रमात तोच घातला होता, मावशींना नक्की सांग. त्यांची तब्येत कशी आहे तेही कळव.

दोघींनी माझ्यावर माया ठेवावी.

धाकटा


२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. सवयीने लिहिलं, म्हणून राहू दे.

मावशींचं पोट बिघडलेलं नव्हतं. आई आल्यापासून काही बोलत नव्हती. काल मी तिचे पाय चेपत होते, तेव्हा एकदम रडायला लागली आणि सगळं सांगितलं.

दुपारी मावशी उठून डब्याच्या टोकाला गेल्या. संडासाच्या दाराची कडी तुटलेली, तिथे कुणीतरी सुतळी बांधलेली. आत भांडं काठोकाठ तुंबलेलं, त्यात बाटल्या आणि कागद, आणि खाली घोट्याएवढं काळं पाणी. नळ कोरडा. एकदा पडलेली बाई ती, त्या पाण्यात पाय ठेवायची त्यांची हिंमत झाली नाही. दुसऱ्या टोकाला गेल्या, तर तिथल्या संडासात झाडू आणि रिकामे डबे रचून बाहेरून कुलूप. परत येऊन जागेवर बसल्या. सकाळी स्टेशनवर आईनेच त्यांना आग्रह करकरून पाणी पाजलं होतं. गाडीला उशीर झाला हे तुला माहीत आहेच.

तुझं स्टेशन यायच्या आधी, बसल्या जागी झालं. समोरच्यांनी पाय वर घेतले. एकाने आपली बॅग उचलून दुसरीकडे ठेवली. मावशी खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि डबा रिकामा होईपर्यंत उठल्या नाहीत. आई शोधत गेली तेव्हा त्यांनी एकच मागितलं, पोराला इकडे येऊ देऊ नकोस. आईने आपला स्वेटर त्यांच्या कमरेला बांधला, प्रतीक्षालयात नेऊन कपडे बदलले आणि तुला पोट बिघडल्याचं सांगितलं. तू तेव्हा तिची पिशवी धरून, गाडीला उशीर का झाला ते सांगत होतास.

आता माझं ऐक. अकरात बसू देऊ नकोस, असं तू लिहिलंस. म्हणजे अकरात काय आहे ते तुला ठाऊक होतं. मी विचारलं, वाट बघते म्हणून लिहिलं, आणि तू उत्तर दिलं नाहीस. रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते मी. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण लहानपणी तूच मला ऐकवायचास ना, मी तुझ्याहून मोठा लाडू घेतला की?

चारमध्ये नळाला पाणी असतं आणि अकरात का नसतं, एवढं सरळ लिही. लोभाचं त्यानंतर बघू.

ताई


८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यार्डातच फोडून वाचलं. मावशींचं असं होईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. शपथेवर सांगतो.

आता खरं लिहितो. जिना चारसमोर येतो हे खोटं नाही, पण साहेबांच्या खोलीचं दारही तिथेच उघडतं. ते चहाचा कप बाहेर ठेवून चारमध्ये चढतात, नळ सोडून हात धुतात, रुमालाने कोरडे करतात आणि गाडी तपासल्याची सही करून उतरतात. अकरापर्यंत आजवर कुठलाच साहेब चालत गेलेला नाही. माझ्याकडे पूर्वी होती त्याच्या निम्मीही माणसं राहिली नाहीत. नळीच्या पाण्याचा दाब अर्ध्या गाडीपर्यंत टिकतो, त्यापलीकडच्या टाक्या भरायच्या तर तास-तास जातो, आणि गाडी उशिरा आली की तेवढा वेळ नसतोच. मग आधी चार घासून काढायचा, जमलं तर त्याच्या आजूबाजूचे, आणि मागच्या डब्यांच्या दारात वासाचं औषध शिंपडून गाडी लावून द्यायची. सगळ्या गाड्यांचं असंच चालतं. माणसं वाढवून मागितली तेव्हा मला सांगितलं, बाकीच्यांना जमतं, तुम्हालाच का नाही? तेव्हापासून मलाही जमायला लागलं.

लोकही काही कमी नाहीत, ताई. बाळाच्या लंगोटापासून फुटक्या बाटलीपर्यंत सगळं त्या भांड्यात कोंबतात आणि नाकाला रुमाल लावून आम्हाला शिव्या देतात.

तुम्हाला चारमध्ये बसवत आलो, कारण माझ्या माणसांसाठी तेवढंच माझ्या हातात होतं. आई ज्या कौतुकाने माझ्या गाडीबद्दल बोलते, ते मला घालवायचं नव्हतं. तू कारण विचारलंस तेव्हा दोनदा लिहायला बसलो. खरं लिहिलं असतं तर ते आईला वाचून दाखवावं लागलं असतं. शेवटी वाटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, मावशी निभावून नेतील. रोज अख्खी गाडी सोसतेच की.

तू म्हणशील तर ढाल परत करतो. आईला समजाव. तिने दोन ओळी लिहिल्या तरी माझ्या जिवाला बरं वाटेल. मी चुकलो, पण तुमचाच आहे.

धाकटा


१५ मार्च

चि. धाकट्यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

ताईने तुझं पत्र वाचून दाखवलं. मग चष्मा लावून मी स्वतः वाचलं, कारण एक वाक्य तिने चुकून तसं वाचलं असेल असं मला वाटलं. रोज अख्खी गाडी सोसतेच की. तुझ्याच अक्षरात होतं.

ढाल परत करायचं नाटक करू नकोस. त्याने कुणाचा नळ सुरू होणार नाही.

मी शिवणमावशीकडे गेले होते. आत मशीन चालू होतं, मी आवाज दिल्यावर थांबलं. तिने दार उघडलं, मला बसायला दिलं. गाडीचा विषय काढला नाही. सदऱ्याच्या बाह्या आखूड नाही ना झाल्या, एवढंच विचारलं. मी नाही म्हणाले आणि उठून आले. पूर्वी ती आमच्या दारावरून बाजारात जायची, आता मागच्या गल्लीने जाते. तिचा माझ्यावर राग नाही, तिला माझ्यासमोर यायची लाज वाटते. लाज कुणाला वाटायला हवी, आणि वाटते कुणाला!

तू मला फसवलंस. ते मी गिळेन, आईला बरंच काही गिळता येतं. पण तू माझ्या तोंडून तिला फसवलंस. ती तुझ्या भरवशावर गाडीत चढली नव्हती, माझ्या शब्दावर चढली होती. गल्लीभर मी तुझी गाडी मिरवत फिरले, आणि ज्यांचा लेक यार्डात नाही त्यांच्यासाठी ती गाडी वेगळीच आहे, हे तू मला एकदाही सांगितलं नाहीस. मी चहा पीत आरामात बसायचे तेव्हा मागच्या डब्यांतून माझ्याच वयाच्या बायका घसा कोरडा ठेवून बसलेल्या असायच्या. मला ठाऊक असतं तर तुझा चार नंबर मी एक दिवससुद्धा घेतला नसता.

माणसं कमी आहेत, पाणी पोचत नाही, हे खरं असेल. मग जे आहे ते सगळ्या डब्यांना सारखं वाट. साहेबांनी तुझ्या चारमध्ये हात धुवायला नळ सोडावा आणि तो कोरडा निघावा. मग बघू, त्यांना माणसं सापडतात की नाही. तुझी नोकरी जाईल अशी भीती वाटत असेल, तर मलाही वाटते. तरी सांगते.

मी तुझ्याकडे येणार आहे. कुठल्या दिवशी येईन ते कळवणार नाही, कुठल्या डब्यात बसेन तेही नाही. ताईलासुद्धा सांगणार नाही, म्हणजे तिच्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न करू नकोस. स्टेशनवर येऊन उभा राहू नकोस, तुझ्या घराची वाट मला माहीत आहे. डबा बसण्यासारखा असेल तर तुझ्या दाराची कडी वाजवेन. नसेल तर स्टेशनवरूनच परत फिरेन. तेव्हा मी आले नाही, म्हणजे मी निघालेच नव्हते, असं मात्र कधी समजू नकोस.

सुनेला आशीर्वाद. तुलाही आहेत, ते काही परत घेता येत नाहीत.

तुझी
आई