चिखलातली वाट

बाबा, मी समुद्र पाहून आले आणि तुमच्यावर चिडून घरी परतले. गेलेल्या माणसावर काय चिडायचं, असं लोक म्हणतील. मी चिडले आहे. तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जेवढं वय होतं त्याच्या पुढे मी कधीच निघून गेले, तेव्हा आता ऐकून घ्या.

नातीने नेलं होतं. ती काकिनाड्याला कॉलेजात शिकते. आपलं राज्य आंध्रापासून वेगळं होणार, समुद्र तिकडच्यांकडे राहणार, हे पक्कं झालं तेव्हा ती फोनवर म्हणाली, आज्जी, आपला आहे तोवर पाहून घे. माझ्या लहानपणी आपला जिल्हा आंध्रात गेला तेव्हा तो समुद्र आपला झाला होता. मधल्या सगळ्या वर्षांत घरातल्या एकानेही तो पाहिला नाही. माझे मालक दर वर्षी म्हणायचे, यंदा कापूस वेचून झाला की जाऊ. ते गेले आणि कापूस अजून दर वर्षी वेचला जातो. त्यांचा एक शेला मी पिशवीत घालून नेला.

समुद्राच्या आधी नातीने मला खारफुटीचं राखीव जंगल दाखवलं. भरतीचं पाणी आत शिरतं, ओसरतं, आणि त्या चिखलात झाडं उभी असतात. मुळं वर आलेली, पुरलेल्या माणसाने बोटं बाहेर काढावीत तशी. फाटकाशी तो काळा गाळ दिसला आणि मी चपला काढून हातात घेतल्या, लुगडं वर खोचलं. आपल्या काळ्या रानाची सवय. ओल्या मातीत चपला घालून कोण चालतं? पाय वर येतो, चप्पल खालीच राहते. नात हसून हसून वाकली. चिखलावरून लाकडी फळ्यांची वाट केलेली होती, दोन्हीकडे कठडा, फळ्या कोरड्या ठणठणीत. फाटकावरचा माणूस तेलुगूत म्हणाला, अम्मा, चपला घाला, इथं लग्नाला चालल्यासारखं चालायचं. खाली लाल नांगीचे खेकडे बिळात शिरत होते, चिखलावर बोटाएवढे मासे टुणटुण उड्या मारत होते, आणि वर लेकुरवाळ्या बाया, काठी टेकणारे म्हातारे, सगळे आरामात चालले होते. तिथे मधेच मला राग आला. नातीला वाटलं मी दमले. तिने मला बाकावर बसवलं.

मला पैनगंगेचा काठ दिसत होता, आपला जिल्हा आंध्रात गेला त्या वर्षीचा. आपल्या गावच्या शाळेतले मराठीचे गुरुजी बदलून गेले आहेत आणि नवे मास्तर तेलुगूत बोलतात. मी दुसरी पास झालेली आहे. त्याबद्दल तुम्ही आदिलाबादच्या बाजारातून आणलेल्या चपला माझ्या हातात आहेत. नदीपलीकडच्या गावात मराठी शाळा आहे, ते गाव दुसऱ्या राज्यात गेलं तरी पाणी गुडघाभरच आहे. तुम्ही धाकट्या भावाला खांद्यावर घेता, त्याची पाटी डोक्यावरच्या पटक्यात खोचता. मी चपला काढून, परकर वर धरून तुमच्या मागे उतरते. तुम्ही वळून म्हणता, "तू मागं राय. तुले हा चिखल झेपनार नाई."

बाबा, आपलं वावर त्याच काठाला होतं. त्याच चिखलातून मी रोज दुपारी तुमची भाकर घेऊन यायची. डोक्यावर भाकर असली की झेपायचा, पाटी असली की झेपायचा नाही, असा कोणता चिखल असतो?

मी आईला विचारलं, मग आईने तुम्हाला विचारलं. तुम्ही चुलीजवळ बसला होतात. तुम्ही निजामाच्या काळी तहसील कचेरीत नक्कलनवीस होता, उर्दूत कागद उतरून काढायचा, आणि तुमच्यासारखं वळणदार अक्षर साऱ्या कचेरीत नव्हतं म्हणे. मग निजाम गेला, उर्दू गेली, आणि तुम्ही औत हाकायला गावी आलात. त्या दिवशी तुम्ही आईला म्हणालात, "राज्य बदललं का अक्षर बदलते. माह्यं काय झालं पायलं ना? शिकून काय करनार हाय ते पोरगी?" मी ते पुष्कळ वर्षं खरं मानलं. तुमचं दुःख मोठं होतं, हेही मला कळतं. पण मग भावाले काऊन नेलं? त्याच्यासाठी राज्य बदलणार नव्हतं का?

भाऊ भिजूनच घरी यायचा. त्याची पुस्तकं वाळवायचं काम माझ्याकडे होतं. भाकरी झाल्या की निखाऱ्यांपुढे पुस्तक उघडं धरायचं, पान वाळलं की उलटायचं. घाई केली तर पान फाटतं. म्हणून मी वाचत बसायची, आणि चौथीपर्यंतची पुस्तकं मी अशी वाळवून काढली. तुम्ही तिथेच जेवत असायचा. भाऊ पुढे पलीकडेच नोकरीला लागला. त्याची पत्रं यायची आणि मी माहेरी आले की तुम्ही ती माझ्यापुढे टाकायचा, कारण मराठी तुम्हाला वाचता येत नव्हतं. मी वाचायची. तुम्ही डोळे मिटून ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "चांगलं लिहिते पोरगा." दर वेळी तेच. तू वाचायला कधी शिकलीस, असं तुम्ही एकदाही विचारलं नाही. शाळेचं मी एखाद्या दिवशी सोडून दिलंही असतं. हे सोडता येत नाही.

त्या बाकासमोर एक पाटी होती, तेलुगूत. चाळिशीनंतर बसवरच्या पाट्या पाहून पाहून ती अक्षरं मी लावून घेतली आहेत. मी सावकाश वाचलं, ही झाडं मुळांनी श्वास घेतात. नात बघतच राहिली. म्हणाली, "आज्जी, तुले तेलुगू वाचता येते? तू तं दुसरीच शिकली ना? कोनं शिकवलं तुले?"

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो प्रश्न असा कठड्याला टेकून आला. सगळं सांगायला माझ्याजवळ वेळ होता, परतीची वाटही सोपी होती.

मी म्हणाले, "माह्या बाबानं."

ती म्हणाली, भारी होते मग ते. मी हो म्हणाले.

हा कागद मी तुमच्या जुन्या कलमाच्या फडक्यात गुंडाळून ठेवते आहे. पाठवायला जागा नाही, आणि पोचला असता तरी वाचून दाखवायला मलाच यावं लागलं असतं. राग आहे तसाच आहे. पण तिला खरं सांगितलं नाही, ते तुम्ही तिच्या नजरेतून उतरू नये म्हणून, आणि त्याचा मला तुमच्याहून जास्त माझाच राग येतो.