चकचकीत नाण्यांबाबत, सोमवारच्या आधी

काल दुपारी नाण्यांच्या दुकानदाराने माझ्या घरी येऊन, एकेक नाणे तोलून आणि भिंगाखाली धरून, खात्रीने सांगितले की ही सारी नाणी तीच आहेत, जी मी इतकी वर्षे त्याला दुकानात नेऊन दाखवत आलो. एकही बदललेले नाही, एकही कमी नाही. तसे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून दिले असून तो कागद या मृत्युपत्राला जोडला आहे. त्यानंतर त्याने ती विकत घेतली व त्यांचे पैसे थेट रुग्णालयात भरले. माझ्या मालमत्तेत आता नाणी नाहीत, हे आधीच नोंदवतो. माझ्यामागे कोणी ती शोधत कपाटे उपसू नयेत.

मी, फेरीबोटीच्या धक्क्यावर तिकीटखिडकीत बसून निवृत्त झालेला, वय बहात्तर, अविवाहित, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाही ते खुब्याचे हाड. जिन्यात पडलो तेव्हा बसवलेले स्क्रू सैल झाले, म्हणून सोमवारी पुन्हा शस्त्रक्रिया आहे. या वयात भूल देताना सगळेच आधी सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. काय सांगता येत नाही ते मी विचारले नाही. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ कोणी राहत नाही.

कलम पहिले. माझी दोन खोल्यांची राहती जागा थोरल्या बहिणीच्या मुलाला, म्हणजे माझ्या एकुलत्या एका भाच्याला द्यावी. मात्र कलम तिसरे पुरे केल्याशिवाय त्याने किल्ली घेऊ नये.

कलम दुसरे. शिडी. ती वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी एका दिवसासाठी नेली आणि परत आणली नाही. ती त्यांनाच दिली असे समजावे. शिडीचे मला काही नाही, पण तेव्हापासून मी जिन्यात दिसलो की ते खिशात काहीतरी शोधू लागतात, आणि आमचे बोलणे बंद पडले. त्यांच्याशी होत असे ते हवापाण्याचेच, तरी होत असे.

कलम तिसरे. हे लांबेल.

तिकीटखिडकीवर दिवसभर हातातून नाणी जात. एखादे जुने किंवा परमुलखातले आले, की मी आपल्या खिशातले तेवढे पैसे गल्ल्यात टाकून ते ठेवून घेई. धक्क्यावर मला सगळे चिल्लरकाका म्हणत. पुढे पगारातून दुकानदाराकडची चांगली नाणी घेऊ लागलो. बायको नाही, मुले नाहीत. म्हातारपणाची काठी म्हणून हाच साठा. घरी खिडकीशेजारच्या कपाटात, हिरवे बनातीचे कापड लावलेल्या खणांत ती असत. पाहायला कोणी येत नसे. रविवारी मीच पाहत असे.

माझ्याकडे झाडूपोछा आणि स्वयंपाक करायला एक ताई येत. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. त्यांचे माझे बोलणे म्हणजे मीठ जास्त, मीठ कमी. मी रुग्णालयात होतो तेव्हा घराची किल्ली त्यांच्याकडे होती. मी आलो त्या दिवशी त्यांनी मला खुर्चीत बसवले, पदराला हात पुसले आणि कपाटाचा खण ओढला.

"बघा काका, कशी झालीत. मेली सगळी काळी पडली होती. बसल्या बसल्या घासून काढली."

सगळी नाणी घासलेली होती. सोडा, लिंबू आणि जुना ब्रश. आरशासारखी चमकत होती.

नाण्यांचा नाद नसलेल्यांसाठी लिहितो. जुन्या नाण्यावर वर्षानुवर्षे जो काळपट थर चढतो, त्यालाच गिऱ्हाईक पैसे मोजते. तो गेला की नाणे उरते, पण किंमत उरते फक्त धातूची. हे मला त्याच क्षणी कळले होते. तरी मी "छान झाली" म्हणालो, आणि ते खोटे नव्हते. माझ्या घरात माझ्यावाचून दुसऱ्या कोणी तो खण कधीच उघडला नव्हता. एका नाण्यावरच्या राजाला दाढी आहे, हेही मला त्या दिवशी समजले.

मग दुसऱ्या शस्त्रक्रियेचा आकडा आला. तेवढी शिल्लक माझ्याकडे नव्हती, म्हणून भाच्याला बोलावले. तो दोन दिवसांची रजा काढून आला, त्याबद्दल त्याचे उपकार आहेत. तो नाणी घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने वरवर पाहून धातूचा भाव सांगितला. भाचा हिशेबनीस आहे; त्याने अपेक्षेतून आलेली रक्कम वजा केली आणि जे उरले त्यातून चोर काढला. परत येताना जिन्यातच त्याला ताई भेटल्या.

"मामाची खरी नाणी कुठं ठेवलीत? ही नवी कोरी कुठून आणलीत?" हे त्याने खालपासून वरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारले. दारे उघडली गेली. मी वॉकर धरून दारापर्यंत पोहोचेस्तोवर ताई वर आल्या होत्या. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

"काका, मी चोर असते तर इतकी वर्षं तुमची भांडी घासत बसले असते का?"

मी वॉकर टेबलाकडे वळवला. त्या थांबल्या नाहीत.

काल दुकानदाराने नाणी नीट पाहिली. कडेला टवका उडालेले, नाकावर चीर असलेले, सगळी त्याला ओळखीची निघाली. भाच्याला मी त्या कागदाचे छायाचित्र पाठवले आणि फोनही केला. त्याने कागद मोठ्याने वाचला. मग म्हणाला, "म्हणजे त्यांनी चोरली नाहीत, वाट लावली." हिशेबाने तो बरोबर आहे. म्हणूनच पुढचे लिहिणे भाग आहे.

चोरीचा आळ काढायचा, तर नाण्यांचे मोल कशाने गेले ते सांगावे लागते. ते सांगितले, तर ताईंना कळेल की मला खूश करायला त्यांनी केलेल्या एका कामाने माझा सारा साठा गेला. त्यांच्या मनावरचा एक दगड काढून दुसरा ठेवल्यासारखे होईल. तेव्हा माझी आज्ञा अशी: ताईंना इतकेच सांगावे की नाणी तीच निघाली, पैसे रुग्णालयाला पोहोचले. भाव कमी का आला असे त्यांनी विचारले, तर चिल्लरकाकाला त्यातले काही कळत नव्हते, तो महागात फसला होता, असे सांगावे. दुकानदाराने यावर हरकत घेतली. "म्हणजे मी फसवलं असं होईल की हो." तेव्हा दुसऱ्या दुकानदाराने फसवले असे म्हणावे. तो दुकानदार अस्तित्वात नाही, त्याची बदनामी होणार नाही. हे कलम ताईंसमोर वाचू नये.

आणि भाच्याने त्यांची माफी मागावी. तोंडाने, फोनवर नाही. मी असलो तर माझ्यादेखत, नसलो तर माझ्यामागे, पण किल्लीच्या आधी.

कलम चौथे. रुग्णालयाचे भागवून बँकेत जे राहील ते सर्व ताईंना द्यावे. ते थोडे आहे. त्या घेणार नाहीत असा माझा अंदाज आहे. तसे झाल्यास त्यांच्या मुलीच्या नावे ठेवावे आणि वाद घालत बसू नये.

कलम पाचवे. नाण्यांचे कपाट रिकामे आहे. भाच्याला हवे असल्यास ठेवावे, नाहीतर खाली इस्त्रीवाल्याला कपडे ठेवायला द्यावे, असे आधी लिहिले होते. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हणतात, आणि इस्त्रीवाला साक्षीदार आहे. दुकानदाराला भिंग द्यायचे होते, तेही त्याच कारणाने राहिले. ज्यांना काहीच द्यायचे नाही असे, पण मला ओळखणारे, दोघे शोधायला बसलो तर एकही आठवला नाही. म्हणून देणे रद्द करून हे दोघे साक्षीला घेतले. कपाट आणि भिंग दोन्ही भाच्याकडे जातील. पुढे त्याने मन मोठे केले तर कायदा आड येणार नाही.

कलम सहावे. अंत्यविधी साधा करावा. खुर्च्या भाड्याने आणू नयेत. घरात तीन आहेत, त्या पुरतील.

शेवटचे. आज सकाळी इस्त्रीवाल्याकडून मी ताईंना निरोप पाठवला, की भाचा रविवारी येतो आहे, त्याला तुमच्याशी बोलायचे आहे, घरी याल का. त्यांचे उत्तर त्याने जसेच्या तसे आणले: "बोलला जिन्यात, तर माफीही जिन्यातच मागू दे. दारं उघडी असताना."

मी हे भाच्याला कळवले. तो "बघतो मामा" म्हणाला, आणि मग थोड्या वेळाने त्यानेच परत फोन करून अकराची वेळ दिली. मी वरच्या गृहस्थांनाही सांगितले आहे, की रविवारी अकराला दार उघडे ठेवा. शिडीबद्दल असेल असे वाटून ते आधी घाबरले.

तर रविवारी अकरा वाजता जिन्यात माफी मागितली जाईल, अशी अपेक्षा आहे. मी दारात खुर्ची टाकून बसेन. त्यानंतर ताई वर येतील की तिथूनच माघारी जातील, हे त्यांनी कळवलेले नाही. चहाचे पाणी मी तिघांचे ठेवणार आहे.

लिहून देणार: सही (धक्क्यावरचा तिकीटवाला)

वरील सही आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत झाली. लिहून देणाऱ्याने मजकूर आम्हांला वाचून दाखवला. तो सावध होता. वाचताना एकदा थांबला.

साक्षीदार पहिला: सही (नाण्यांचा दुकानदार. त्या दुसऱ्या दुकानदाराशी माझा संबंध नाही.)

साक्षीदार दुसरा: सही (तळमजल्यावरचा इस्त्रीवाला. काकांचे पूर्ण नाव मला आज समजले.)

ठिकाण: राहते घर, बाहेरची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, शुक्रवार