करुप्पनच्या वळणावरची केळी

वालपारै, ११ डिसेंबर २००९

ति. अक्कास तंगवेलचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. या वळणावर रेंज हवी तर झाडावर चढावं लागतं, आणि झाडांवर आधीच गर्दी आहे. मला नवी नोकरी लागली, तीही या गर्दीपायीच. आठ ते पाच करुप्पन देवाच्या दगडापाशी शिट्टी नि लाल झेंडा घेऊन उभं राहायचं, आणि सिंहशेपटी माकडं रस्त्यावर उतरली की गाड्या थांबवायच्या. ड्रायव्हर मला माकडांचा इन्स्पेक्टर म्हणतात.

रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंची झाडं गेली, तशी माकडांची वरच्या वर जायची वाट तुटली. वनखात्याने आग विझवायच्या जुन्या पाइपांचा झुलता पूल बांधला आहे, पण त्यावर एकही पाय ठेवत नाही. महिन्यात दोन मेली. आठ दिवस बघत बसलो तेव्हा कारण कळलं. पुलाच्या बरोबर खाली, देवापुढे, ड्रायव्हर केळी ठेवतात. खाली पंगत मांडलेली असताना वर कोण लोंबकळेल?

मी सगळ्यांना विनवलं. ते म्हणाले, आधी तुझ्या भावजींना, अत्तानांना सांग, ही चाल त्यांनीच पाडली. खोटं नाही. चिन्नप्पन अत्तान दर फेरीला चहाची लॉरी थांबवून एक फणी ठेवतात. नवरा तुझा, तू सांगितलंस तर ऐकेल. कळपात तुटक्या कानाची एक मादी आहे, पोटाशी मुठीएवढं पिल्लू. सगळ्यात आधी तीच उतरते, म्हणून जीव टांगणीला लागतो.

तुझा,
तंगवेल

पोल्लाची, १६ डिसेंबर

चि. तंगवेल यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोन वर्षांपूर्वी त्याच वळणावर ह्यांच्या लॉरीचा ब्रेक गेला, तेव्हा तूच धावत गेला होतास ना? त्या दिवशी मी नवस बोलले, की दर फेरीला एक फणी. आता मला सातवा महिना लागलाय आणि तू नवस मोड म्हणतोस! अम्मा असती तर पाठीत धपाटा घातला असता. माकडांना अख्खं जंगल पडलंय, मला नवरा एकच आहे. केळ्यांना हात लावलास तर पोंगलचा आहेर घेऊन माझ्या दारात येऊ नकोस.

खोकला असेल तर मिरीचा काढा घे. रागावले आहे, पण माया आटलेली नाही.

तुझी अक्का,
पेच्चियम्मा

पोल्लाची, २८ डिसेंबर

चि. तंगवेल यास आशीर्वाद.

हे परवा आले ते लॉरीचं तोंड चेपवूनच. अंगावर ओरखडा नाही, पण ताटावर बसतात नि उठून जातात. काल बाळ हलतंय का बघायला पोटावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. विचारलं तर म्हणतात, तुझ्या धाकट्या भावाला, तंबीला विचार. म्हणून विचारते. काय झालं ते खरं लिही. माझ्यावर रागावून लिही, पण लिही.

अक्का

वालपारै, १ जानेवारी २०१०

ति. अक्कास सा. न. वि. वि.

तू बजावल्यापासून मी केळ्यांना शिवलो नाही. त्या दिवशी सकाळी वर येताना अत्तानांनी फणी ठेवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुपारी भरली लॉरी घेऊन उतरले तेव्हा धुकं होतं आणि तुटक्या कानाची त्याच फणीपाशी बसली होती. मी जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकली. ती दचकून पळाली, ती लॉरीच्याच पुढे. अत्तानांनी ब्रेक दाबला, लॉरी फिरली आणि कठड्यावर आदळली. मागचं एक चाक दरीवर लोंबत होतं. अक्का, अजून हातभर सरकली असती तर ज्यांच्यासाठी नवस केलास, त्यांचाच त्या नवसाने घात केला असता.

अत्तान वाचले. ती वाचली नाही. पिल्लू तिच्या पोटाला तसंच चिकटून होतं. अत्तान सोडवायला गेले, तर त्याची मूठ सुटेना. ते रस्त्यातच बसून रडले. बऱ्याच वेळाने दुसरी एक मादी खाली आली आणि त्याला घेऊन गेली.

मी शिट्टी फुंकली नसती तर? हे मी कोणाला विचारू?

तंगवेल

पोल्लाची, ६ जानेवारी

चि. तंगवेल यास खूप आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. दोघंही रडलो. मग हे पोटभर जेवले. शिट्टीचं मनाला लावून घेऊ नकोस. फणी माझी होती.

नवस कसा सोडवायचा ते विचारायला मी हे पोट घेऊन पुजाऱ्याकडे गेले. म्हातारा माझ्यावरच खेकसला, की करुप्पनने केळी मागितली कधी? तो काय गणपती, पिळ्ळैयार आहे? त्याला जाडा चिरूट लागतो! खरंच रे. त्या दिवशी मी भेदरले होते, समोर केळी दिसली आणि तेच तोंडून गेलं. आता दर फेरीला एक चिरूट, तोही न पेटवता, जंगल आहे. माकडं अजून ओढायला लागलेली नाहीत ना? बाकीच्या ड्रायव्हरांना हे स्वतः सांगणार आहेत.

मी माझा माणूस मागितला, आणि तिचं मूल उघड्यावर पडलं. माझं बाळ पोटात लाथ मारतं तेव्हा तेच डोळ्यांपुढे येतं. ते जगलं का, तेवढं कळव. पोंगलला ऊस आण, हळदीचं रोप आण. केळीही आण, घरात खाऊ.

अक्का

वालपारै, १२ जानेवारी

ति. अक्कास सा. न. वि. वि.

घाईत कार्ड टाकतोय. पाच दिवस दगडापुढे फक्त चिरूट आहेत. आज सकाळी अत्तानांची लॉरी पुलाखाली इंजिन बंद करून उभी होती, मागे सहा गाड्या. एकाने हॉर्न वाजवला, तर अत्तानांनी माझ्या हातातला झेंडा घेतला आणि त्याच्या गाडीपुढे जाऊन उभे राहिले. कळप एकेक करून पाइपांवरून पलीकडे गेला. शेवटची मादी मध्येच थांबली, खाली बघितलं, मग तीही गेली. तिच्या पोटाशी ते होतं.

परवा येतो. तोवर दोघांवर, आणि पोटातल्या तिसऱ्यावरही, माझा लोभ पोचता समज.

तंबी