ताई, तू नीट म्हण

३ मार्च, सोमवार

आमच्या कवळ्यांच्या कारखान्यातला म्हातारा लांब्या चालला! महिनाअखेरीस. मुलाकडे राहायला. आणि मालकांनी सगळ्यांसमोर, चहाचा कप हातात धरून, साखर मागावी तसं मला सांगितलं — "मग एक तारखेपासून शेवटचं टेबल तुमचं."

माझं! मी हसले. वाटलं, थट्टा करतायत. दुसरं कोणीच हसलं नाही.

साचा काढणं, मेणात दात बसवणं, गुलाबी हिरडी ओतणं, पॉलिश — कवळी बनवण्याची ही सगळी कामं आम्ही बाकीचे करतो. मग ती लांब्याच्या टेबलावर जाते. तो कडांवरून अंगठा फिरवतो, वरचे दात खालच्यांना मिळतात का बघतो, डब्यावरच्या चिठ्ठीवर सही करतो. तिथून कवळी थेट डॉक्टरांकडे आणि मग कुणाच्या तरी तोंडात. टोचली तर फोन सही करणाऱ्याला येतो.

माझ्या हातची प्रत्येक कवळी आजवर लांब्याच्या अंगठ्याखालून गेली, म्हणून मी सुखाने घरी जाते. आता माझ्यामागून कोण बघणार? कोणीच नाही! मालकांचं डोकं ठिकाणावर आहे का?

४ मार्च

दुपारी ताईला फोन केला. म्हटलं, माझ्यासाठी देवाकडे एवढं माग — त्या टेबलावर दुसरं कोणीतरी चांगलं माणूस येऊ दे. म्हणाली, "बरं, मागते."

नोकरीसाठी तिनेच मागितलं होतं. नवरा तापाने फणफणला होता तेव्हाही तिनेच. आता निभावेल. जरा हायसं वाटलं.

६ मार्च

आमच्या घरातल्या प्रार्थनेबद्दल कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. संध्याकाळी आई फोन जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवते, स्पीकर लावते. ताई तिच्या गावाहून प्रार्थना म्हणते आणि आई, नवरा आणि मी हात जोडून फोनपुढे बसतो. फोनपुढे! ती "आता जेवा" म्हणाली की जेवायचं.

आज ताई ऑफिसात अडकली. वाट बघून बघून जेवण गारढोण. नवरा हळूच म्हणाला, "देवाची लाइन बिझी आहे." आईने असे डोळे वटारले की बिचारा पाणी प्यायला उठला.

मी म्हटलं, आज आपणच म्हणूया का? आई माझ्याकडे बघतच राहिली. मी गॅलरीतून उडी मारते म्हणाले असते तरी इतकी दचकली नसती.

"तू? राहू दे. ताई नीट म्हणते."

नीट! हा शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आणि तरीही मी गप्प बसते. दोन्ही गोष्टींचा राग येतो.

९ मार्च, रविवार

सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. लिहून मोकळी होते.

मी लहान होते, शाळेत नुकती जायला लागले होते. घरी बाबांच्या ऑफिसातली माणसं जेवायला आली होती. बाबा कौतुकाने म्हणाले, आज धाकटी म्हणेल. मी उभी राहिले, डोळे घट्ट मिटले आणि म्हटलं — देवा, मला ताईसारखे बूट दे, तिचे जुने नको, माझे मला दे, आणि आईला सांग की मी पण चांगली आहे.

सगळे खो खो हसले. बाबा तर डोळे पुसत होते. आई हसली नाही. तिचं तोंड लाल झालं होतं. म्हणाली, "देवाला काय दुकानदार समजलीस? ताई, तू नीट म्हण." आणि ताईने पहिल्यापासून परत म्हटलं.

तेव्हापासून हेच चाललंय. मी चादरींच्या घड्या घातल्या की ताई परत घालायची. मी भांडी विसळली की ताई परत विसळायची. ती तरी काय करणार, आई सांगायची. पण प्रार्थनेचं मनात बसलं ते बसलंच. घडी चुकली तर आई रागावेल, पण इथे मी प्रत्यक्ष देवाला चुकीचं बोलले होते! मनाशी पक्कं ठरवलं — त्याला आपलं ऐकायचं नाहीये. त्याला ताईचं ऐकायचंय.

बाई चाळिशी ओलांडून बसलीये आणि अजून देवाकडे वशिल्याने जाते! लाज वाटते लिहायला.

११ मार्च

कारखान्यात फोन घेणारी मुलगी फार उत्साही. कुठलासा वर्ग करून आलीये. काल म्हणाली, "काकू, रोज आरशासमोर उभं राहून मोठ्याने म्हणायचं — मी मौल्यवान आहे. एकवीस दिवसांत बदल!"

केलं. मेलं काय जातंय म्हणून केलं! आरशात नवरा आधीच दाढी करत उभा होता. मी म्हटलं, मी मौल्यवान आहे. तो म्हणाला, "आहेसच. जरा सरक, कानाखालचं दिसत नाहीये."

दुसऱ्या दिवसाची वाट बघायचं कारण उरलं नाही. स्वतःला स्वतःच सांगायचं आणि स्वतःच विश्वास ठेवायचा — जिच्यावर माझा विश्वास नाही तिच्याच तोंडून!

१४ मार्च

लांब्याने आज मला शेजारी बसवून घेतलं. माझ्याच हातची कवळी माझ्याच हातात दिली. "बघ. कुठे टोचेल?"

मला सगळीकडेच टोचेल असं वाटलं. तसं सांगितलं. तो वैतागला. "अगं, सगळीकडे कशी टोचेल? कवळी आहे की काटेरी कुंपण?"

"दादा, माझ्याकडून चूक झाली तर?"

"होणारच. माझ्याकडून होत नाही होय? परत येते, घासायची, पाठवायची. तू तर अशी घाबरतेस की चूक निघाली तर तुलाच परत पाठवतील."

हसण्यावारी नेलं. पण घरी येताना भाजी घ्यायची विसरले. खरंच तसंच वाटतं मला. चूक निघाली की मलाच परत पाठवतील. कुठे, ते माहीत नाही.

१७ मार्च, सोमवार

मालक म्हणाले, शुक्रवारपर्यंत हो की नाही सांगा, म्हणजे बाहेरचा माणूस बघता येईल. बाहेरचा माणूस! ऐकून इतका राग आला! माझ्या टेबलावर —

हे काय लिहिलं मी? माझ्या टेबलावर?

ताईला फोन. मागतेस ना गं? "हो गं, मागते." आवाज दमलेला वाटला. मी आपलंच रडगाणं लावलं, तिला कशी आहेस तेही विचारलं नाही.

१८ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

संध्याकाळी वीज गेली आणि फोनची रेंजही. आई फोन घेऊन खिडकीत, मग दारात, मग जिन्यात. ताई लागेना. नवऱ्याने मेणबत्ती लावली, मी जेवण वाढलं. आई ताटावर बसली आणि हाताची घडी घातली. "प्रार्थनेशिवाय मी जेवणार नाही."

आई, तुझ्या गोळ्या आहेत, रिकाम्या पोटी चालत नाहीत. नाही. आई, मनातल्या मनात म्हण. नाही. नवरा म्हणाला, मी म्हणू का? "तुम्ही जावई आहात, गप्प बसा." हे काय कारण झालं? पण आईपुढे कोण बोलणार!

माझं डोकंच फिरलं. उभी राहिले. डोळे मिटायचंही सुचलं नाही, मेणबत्तीकडे बघतच ओरडले — "देवा, ही जेवत नाहीये. ताई लागत नाहीये. मी दिवसभर लोकांचे दात घासून आलेय आणि मला भूक लागलीये. मला नीट येत नाही. तू तरी मला आजवर कधी सांगितलंस का, नीट बोल म्हणून? सांगितलं असशील तर मला ऐकू आलेलं नाही. ते टेबल मला नकोय असं मी ताईकडून कळवलं होतं. ते खोटं आहे. मला हवंय ते. भीती वाटते, पण हवंय. आणि मी चांगली आहे की नाही हे मला आईला विचारायचं नाहीये आता. तुला विचारतेय."

संपलं. वाटलं, आता हसतील.

कोणी हसलं नाही. आईने हाताची घडी सोडली, ताट जवळ ओढलं. मग म्हणाली, "झालं?"

"हो."

"मग पाणी दे."

आणि जेवायला लागली! नवऱ्याने टेबलाखालून माझा हात दाबला. मी जेवले. आज पोटभर जेवले.

१९ मार्च

काही दिव्यबिव्य झालं नाही. सकाळी उठले, पाठ दुखत होती, दूध उतू गेलं. पण एक गोष्ट बसमध्ये अचानक लक्षात आली आणि मी चक्क "अरेच्चा!" म्हणाले. शेजारची बाई दचकली.

मला देवाचा आवाज नेहमी आईच्या आवाजात ऐकू यायचा! तोच सूर, तोच "नीट". त्यालाही आपलं तोंड बघून कपाळाला आठ्या पडत असतील असंच मी धरून चालले होते. काल त्याच्याशी सरळ भांडले, तर उलट उत्तर नाही, हसणं नाही, "ताईला बोलाव" नाही. नुसतं ऐकून घेतलं. कोणीतरी पूर्ण ऐकून घेतलं, हे मला कळलं. कसं कळलं ते विचारू नये.

आणि त्याने मला घडवलं असेल, तर घडवून झाल्यावर दुरुस्तीला ताईकडे पाठवलं नव्हतं. हे साधं गणित सुटायला इतकी वर्षं! माझा माझ्यावरच संताप होतोय. पण हा संताप वेगळा आहे, यात जीव हलका वाटतो.

२१ मार्च, शुक्रवार

मालकांना हो म्हटलं. ते म्हणाले, "बरं." एवढंच! मी इतक्या दिवसांचा घोर लावून घेतला आणि त्यांनी नुसतं "बरं" म्हणून पॉलिशच्या पावडरीबद्दल विचारलं. यांना काय म्हणावं!

२२ मार्च

ताई फोनवर. प्रार्थना झाल्यावर आई तिला म्हणाली, "परवा धाकटीने म्हटलं. लांबलचक आणि भांडल्यासारखं. पण म्हटलं."

आईच्या तोंडून एवढं म्हणजे सोहळाच. मला वाटलं लाइन तुटली. मग ताई म्हणाली, "आता जेवा."

१ एप्रिल

पहिली सही. पेन चालेना! चिठ्ठीवर गिरगटून गिरगटून भोक पडलं. दुसरी चिठ्ठी. केली एकदाची. लांब्याची खुर्ची माझ्यासाठी उंच आहे, पाय लोंबतात. खाली खोका ठेवला.

सही करायच्या आधी मनात एक वाक्य म्हणते — तू बघतोयस, मीही बघतेय. एवढंच. मग अंगठा फिरवते.

८ एप्रिल

कवळी परत आली. सही माझी. एक आजोबा, डावीकडे आतून गाल सोलला गेलाय. डॉक्टर फोनवर कातावले होते आणि त्यांचं बरोबर होतं. एक कड घासायची राहिली होती. मी बघितली नव्हती. दुसरं कारण नाही.

बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. आलाच तो आवाज — तरी सांगत होते, ताईला करू दे. मी हळूच म्हटलं, देवा, चुकलं माझं. तरी मी तुझी आहे ना? आणि उत्तर आधीच माहीत असल्यासारखी विचारत होते मी! म्हणजे विचारताना भीती नव्हती.

बाहेर आले. कड घासली, पॉलिश केली, स्वतः नेऊन दिली. आजोबांची माफी मागितली. ते म्हणाले, "बाकी छान बसते हो." मालक काही बोलले नाहीत. मला कुठेही परत पाठवलं नाही. गंमत म्हणजे लांब्या गेल्यापासून आज पहिल्यांदा त्या खुर्चीत नीट टेकून बसले.

१० एप्रिल

दुपारी ताईचा फोन, कारखान्यात. म्हणाली, आईला सांगू नकोस. मी रोज म्हणते ते नुसतं पाठ आहे गं. बाबा गेल्यापासून मला तिकडे कोणी आहे असं वाटतच नाही. तू सांगायचीस त्यातलं मी काहीच मागितलं नाही. एकदाही नाही.

मी खोक्यावरचे पाय खाली घेतले. ती रडत होती. ताई! मी तिला रडताना कधी ऐकलं नव्हतं.

मग म्हणाली, "माझ्यासाठी मागशील? मला येत नाही."

फोन ठेवू नकोस म्हटलं. पॉलिशचं चाक बंद केलं आणि तिला ऐकू जाईल असं तिथेच मागायला लागले.