यांचं नाव, तेही एकेरीत

गुरुवार, १२ नोव्हेंबर १९८७

आज आलं: नारळ दोन, सहा रुपये. समईचं तेल पाव किलो, सहा रुपये.

हे पहाटेच कामासाठी पोफळीला गेलेले. दुपारी पतपेढीचा शिपाई दारात. यांचं नाव घेऊन, तेही एकेरीत, म्हणाला, "काकू, सकाळपासून बंद पडलाय. सुहासदादाला मुंबईहून लगेच बोलवून घ्या."

मी देवासमोर मटकन बसले. मग तोच घाबरला. "काका नव्हे हो, कॉम्प्युटरातला. सुहासदादाने पतपेढीला हिशेबाचा प्रोग्राम करून दिलान ना, त्याला काकांचं नाव दिलान."

मुलाने बापाचं नाव यंत्राला द्यावं? जे मी लग्नात उखाण्यापुरतं घेतलं, इथेही लिहवत नाही, ते पतपेढीत दिवसभर? याला चालू कर, याला बंद कर?

हे संध्याकाळी आले. ऐकून म्हणाले, "मी चालू आहे, चहा टाक." मला हसू आलं नाही.

सुहासला पत्र लिहिलं. प्रोग्रामचं नाव आधी बदल. हवं तर माझं ठेव, मला बंद पडायला सवड नाही. तोवर यांच्या आयुष्यासाठी समई अखंड तेवत ठेवणार आहे, आणि तेल महाग आहे. बदललंस की उलटटपाली कळव.