व्हॉल्व चांगला आहे, दादा

या हातांनी केलेल्या वस्तू आधी लिहितो, कारण माझी मालमत्ता म्हणजे मुख्यतः त्याच. दुकानातले लोखंडी टेबल. चारही पायांत केसाइतका फरक नाही. पंप तपासायची टाकी, काचेची खिडकी असलेली. माडीवर जायचा जिना, पायऱ्या तेरा. दोन खुर्च्या, त्यांतली एक अजून नवीच आहे. बाकीचे विकत आणलेले, त्याची फुशारकी नाही.

मी, वय बावन्न, धंदा पंपदुरुस्ती, शिक्षण सातवी आणि पुढचे सगळे उघडलेल्या पंपांपाशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, कोणी भरीस न घालता लिहीत आहे. चित्त स्थिर आहे. ठोके स्थिर नाहीत. पण मृत्युपत्र ते लिहीत नाहीत.

कारण नोंदवतो. माझ्या हृदयाची झडप गळते. डॉक्टरीणबाईंना मी सरळ म्हणालो, "बदलून टाका. गळका व्हॉल्व ठेवायचा कशाला?"

त्या म्हणाल्या, "झडपेच्या पाकळ्या चांगल्या आहेत हो. ठोके वर्षानुवर्षं वेडेवाकडे पडले, त्यानं वरचा कप्पा फुगला, झडपेचं कडं ताणलं. पाकळ्या एकमेकींपर्यंत पोचतच नाहीत. आधी ठोके ताळ्यावर आणू, मग गळती किती उरते ते बघू."

सोमवारी मांडीच्या शिरेतून नळी घालून, ठोके बिघडवणाऱ्या जागा डागायच्या आहेत. मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावले. बाईंना वाटले, घाबरलो. तसे नव्हते. हे मी अकरा वर्षांपूर्वी ऐकले होते. खुलासा कलम तीनमध्ये.

एक. दुकान, माडी व सर्व हत्यारे धाकट्या भावाला. पाने आकारानुसार टांगलेले आहेत, तसेच टांगावेत. नवी खुर्चीही त्याचीच. तो दुकान सोडून गेला त्याच महिन्यात केली होती.

दोन. मोजमापाची पितळी पट्टी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला. चार गिऱ्हाइकांदेखत त्याने मला 'अंगठेबहाद्दर' म्हटले होते. तिच्यावरच्या बारीक रेघा वाचता आल्या, तर वापरावी.

तीन. एका गिऱ्हाइकाच्या पंपाचा व्हॉल्व मी महिन्यात तीनदा बदलला. चौथ्यांदा गळला तेव्हा, गिऱ्हाईक समोर उभे असताना, धाकटा म्हणाला, "व्हॉल्व चांगला आहे, दादा. पंप थरथरतोय, त्यानं व्हॉल्वची बसायची जागा पसरलीय. आधी थरथर थांबव."

मी म्हणालो, "कालपर्यंत पाने उचलून देत होतास, आज मला शिकवतोस? चालता हो!"

तो चालता झाला. मग मी पंपाखाली जाड रबर घातले आणि पसरलेली जागा घासून नीट केली. गळती थांबली. हे आजवर कोणाला सांगितलेले नाही. तो बरोबर होता, असे येथे शाईने लिहून देतो.

चार. दवाखान्याचे भागवून बँकेत उरेल ते त्याच्या मुलीच्या शिक्षणाला. ती आता दहा वर्षांची असेल. मी तिला पाहिलेले नाही.

दवाखान्याच्या फॉर्मवर 'सोबत कोण' असा रकाना आहे. त्यात मी माझेच नाव घातले. नर्स म्हणाली, "काका, तुमचं नाही, सोबत येणाऱ्याचं लिहा."

"सोबत मीच येणार आहे."

"अहो, पण बाहेर कोण बसणार?"

नवा फॉर्म दिला. तो टेबलाच्या खणात आहे, रकाना कोरा.

ज्याला काही मिळायचे, त्याने मृत्युपत्रावर साक्ष करू नये, असे मी वाचले आहे. धाकट्याला साक्षीला का बोलावले नाही, ते त्याने यावरून समजावे.

साक्षीदार: समोरचा शिंपी (सही). वर्तमानपत्रवाला (सही), माझ्या दुखण्याची बातमी धाकट्याला यानेच पोचवली, तरी माणूस विश्वासाचा.
लिहून देणार: मी (सही).
ठिकाण: दुकान, लोखंडी टेबल. शनिवार, दिनांक एकोणीस.

सहीखाली एक नोंद. बुधवारी धाकटा दुकानाच्या पायरीवर आला होता. आत आला नाही. मी नाकारलेला त्याचा देकार जसाच्या तसा: "सोमवारी सकाळपासून मी बाहेर बसतो, दादा." मी विचारले, "किती घेशील?" त्याने सांगितलेली रक्कम: काही नाही.